कमांडरसाहेबांची डावी बाही

माझ्या सासूबाई वसईत शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायच्या, "आमची फिलोमिना ऑस्ट्रेलियात म्युझियममध्ये कपडे धुते." एकदा सुट्टीत गेले तेव्हा मी त्यांना समोर बसवून समजावलं, की आई, मी कपडे धूत नाही. उलट न धुण्याचाच पगार मला मिळतो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि संध्याकाळी कुंपणावरून शेजारणीला म्हणाल्या, "धूतपण नाही गं ती. नुसती बघत बसते."

आता रिटायर झाल्यावर वाटतं, सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. मेलबर्नच्या एका म्युझियममध्ये मी उभी हयात जुन्या कपड्यांकडे बघत बसले. इथे पॉइंट कुकच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिही म्हणून आमची शीतल मागे लागली, तेव्हा मी म्हटलं, अगं, मी ख्रिस्ती बाई, नाताळात तुम्हाला डबाभर करंज्या आणि केक पाठवते, तेवढं पुरे नाही का? तर म्हणाली, "तू नक्की काय करायचीस ते पॉइंट कुकमध्ये कोणालाच कळलेलं नाही. एकदा लिहूनच टाक." म्हणून लिहितेय. कळेल की नाही, माहीत नाही. कारण जी गोष्ट सांगणार आहे ती मला स्वतःलाच अजून पुरती कळलेली नाही.

तर आमचं काम असं. म्युझियममध्ये जुना कपडा आला, की तो आहे त्याहून आणखी बिघडू द्यायचा नाही. एवढंच. नवा करायचा नाही, चकचकीत करायचा नाही. त्यावर जाळी ठेवून हलक्या व्हॅक्यूमने धूळ ओढायची, कसर लागली असेल तर फ्रीझरमध्ये घालून ती मारायची, फाटलं असेल तिथे आतून रेशमी कापडाचा आधार द्यायचा. घातलेला प्रत्येक टाका उद्या कोणालाही सहज उसवता आला पाहिजे, हा नियम. डाग दिसला की बाईमाणसाचे हात शिवशिवतात, पण डाग काढायचा नाही. डाग हीसुद्धा माहिती असते, असं आम्हाला शिकवतात.

एकदा दोन भाऊ वडिलांची फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची, जर्सी घेऊन आले. थोरला म्हणे, चिखल धुऊन काढा. धाकटा म्हणे, खबरदार, तो फायनलच्या मैदानाचा चिखल आहे, डॅडचा घाम आहे त्यात. दोघे माझ्या टेबलापाशी हमरीतुमरीवर आले. मी तपासलं तर तो चिखल नव्हताच, टोमॅटो सॉस होता. फायनलनंतर कधीतरी म्हातारा तीच जर्सी घालून बार्बेक्यूला सॉसेज खात बसला असणार. मी आपलं प्रामाणिकपणे सांगितलं. त्या दिवसापासून दोघे भाऊ एक झाले आणि माझ्याशी बोलेनासे झाले. आणि आपली मंडळी! मी काय करते हे कळल्यावर एक बाई आजीची पैठणी घेऊन घरी आल्या, "फिलोमिना, तुझ्या मशीनमध्ये एकदा फिरवून देतेस का, ड्रायक्लीनवाला फार मागतो." मशीन! मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मी या धंद्यात कशी आले ते लांबण लावत नाही. माझी आत्या वसईला पाद्र्यांचे मिस्साचे झगे शिवायची, जरीच्या क्रुसांसकट. तिच्या मांडीपाशी बसून मी जर हाताळायला शिकले. ऑल्विनच्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, एक कोर्स केला, म्युझियममध्ये फुकट राबले, मग त्यांनी ठेवून घेतलं. सोनेरी जर दिसली की ती वस्तू माझ्या टेबलावर यायची. त्याच न्यायाने कमांडरसाहेबांचा कोट माझ्याकडे आला.

मार्गरेटबाई तो घेऊन आल्या. विल्यम्सटाउनला एकट्या राहणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या, चाकाच्या खुर्चीत, पण जिभेला धार. मांडीवर सुपरमार्केटची हिरवी पिशवी आणि पिशवीत कोट. नेव्हीच्या ऑफिसरचा, शंभर वर्षांहून जुना, कोबीच्या गड्ड्यासारखा कोंबलेला. माझी पाचावर धारण बसली. मी हातमोजे चढवून तो हळूच टेबलावर पसरला. काळसर निळं जाड लोकरी कापड, पितळी बटणं आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन सोनेरी फिती. सगळ्यात वरच्या फितीला जरीचं वेटोळं.

"माझ्या आजोबांचा," बाई म्हणाल्या. "तीन फिती दिसतात ना? तीन म्हणजे कमांडर, चार म्हणजे कॅप्टन. तिथे चार होत्या. माझ्या आईने पाहिल्या होत्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. आजोबा इंग्लंडातून पोरवयात शिडाच्या जहाजावर चढले ते इथे उतरले. विल्यम्सटाउनच्याच मुलीशी लग्न केलं. तेव्हा ऑस्ट्रेलियाचं धड स्वतःचं आरमारही नव्हतं, इथल्या उपसागरात जुनीपानी चार जहाजं होती. त्यांवर ते पायरी पायरीने चढत कमांडर झाले, आणि आईच्या म्हणण्यानुसार त्याच्याही वर कॅप्टन. आणि एका धुक्याच्या सकाळी त्यांचं जहाज खडकावर बसलं. माणूस कोणी दगावलं नाही, पण चौकशी लागली. मार्गरेटबाईंची आई, डोरोथी, तेव्हा सात वर्षांची. शाळेत पोरं तिला चिडवायला लागली, "तुझ्या बापाची फीत कापणार, फीत कापणार!" आणि थोड्याच दिवसांनी तिने दाराआडून पाहिलं, की वडील खिडकीशी बसलेत, मांडीवर हाच कोट आहे आणि ते दाढीच्या वस्तऱ्याने बाहीवरून काहीतरी उसवून काढताहेत.

"आईने कोणाला काही विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या दिवसापासून ती त्यांना डॅड म्हणाली नाही. 'द कमांडर' म्हणायची. पुढे पहिलं महायुद्ध लागलं, ते उष्ण मुलखातल्या कुठल्याशा बंदरात तापाने गेले. आई त्यांच्या कबरीवर कधी गेली नाही. अँझॅक डेला, सैनिकांच्या स्मरणदिनाला, सगळ्या मुली आजोबांची मेडल्स लावून जायच्या, मला घरात बसवून ठेवायची. मी मोठी झाल्यावर तिने हे एकदाच सांगितलं, पुन्हा तोंडातून ब्र काढला नाही."

"मग आता कोट आम्हाला का देताय?" मी विचारलं.

"कारण मी मेल्यावर माझा भाचा तो टाकून देईल. तू एवढंच बघ, लव्ह. चौथी फीत कापली होती की नाही. कापली असेल तर कोट ठेवा, पण आजोबांचं नाव लावू नका. आईने जन्मभर जे झाकलं ते मी काचेच्या कपाटात मांडणार नाही."

आमचा क्युरेटर ग्रेग बाजूलाच उभा होता. त्याने दोन दिवसांत नेव्हीची फाईल मिळवली. त्यात पदावनतीचा शब्दही नव्हता. चौकशीत दोष दुसऱ्याच कशाला तरी दिला होता, पाण्यातली धोक्याची खूण जागेवरून सरकली होती म्हणे. मला वाटलं, सुटलो. पण मार्गरेटबाई फोनवर फिस्कन हसल्या. "ते सगळे जेंटलमेन होते, डार्लिंग. एकमेकांची लफडी थोडीच लिहून ठेवणार? माझ्या आईने डोळ्यांनी पाहिलंय." आता कागद एक म्हणतो आणि आईचे डोळे दुसरंच. खरं कोणाचं मानायचं? म्हणून मी कोटालाच विचारायचं ठरवलं.

कोटाला विचारतात कसं, तर खोलीतले दिवे मालवायचे आणि एकच दिवा कापडाच्या कडेला आडवा धरायचा. ऊन कललं की शेतातला प्रत्येक चर दिसतो, तसं होतं. टाके कधीच उसवलेले असले तरी सुईची भोकं दिसू लागतात. मी मनगटापाशी दिवा धरला आणि कपाळाला हात लावला. भोकंच भोकं! दोन्ही बाह्यांची नुसती चाळण. झालं होतं असं, की ऑफिसर वर चढला की फीत वाढते, पण वेटोळ्याची फीत कायम सगळ्यात वर लागते. म्हणजे दर बढतीला शिंपी वेटोळं उसवून वर सरकवणार आणि खाली नवी फीत बसवणार. कमांडरसाहेब पायरी पायरीने चढले, त्या प्रत्येक पायरीची भोकं तिथे होती. चढताना पडलेली भोकं कुठली आणि उतरताना पडलेली कुठली, हे कसं ओळखावं? मी आठवडाभर त्या मनगटात डोकं घालून बसले. रात्री जेवताना ऑल्विनला फितींचं सांगायला लागले, की तो आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जायचा.

शेवटी एक गोष्ट मात्र नक्की झाली. वेटोळ्याच्या वर एकही भोक नव्हतं. चार फिती असत्या तर वेटोळं आणखी वर बसलं असतं आणि त्याच्या खुणा तिथे दिसल्या असत्या. म्हणजे चौथी फीत या कोटावर कधी नव्हतीच. ग्रेगला मिठी मारायची तेवढी बाकी राहिली. पण तो म्हणाला, "मग म्हातारीच्या आईने पाहिलं काय?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं! वस्तरा तर होता. बाप काहीतरी उसवत तर होता. सात वर्षांची पोर एवढं सगळं मनाने कसं रचेल? मी परत दिवा घेतला आणि या वेळी मनगट सोडून वर वर सरकत गेले. डाव्या बाहीवर, कोपराच्या वर, दंडाभोवती लांब लांब टाक्यांच्या दोन ओळी दिसल्या, दोन्हींत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर. शिंप्याचं काम नव्हतं ते, घाईने घातलेली कच्ची शिवण होती. एक-दोन भोकांत काळ्या दोऱ्याचे इवलेसे तुकडे अडकून राहिले होते. उजव्या बाहीवर तसं काही नव्हतं.

मी तिथल्या तिथे ओळखलं. अहो, वसईच्या ख्रिस्तावाच्या मुलीला हे ओळखायला काय लागतं? आमची आजी गेली तेव्हा पप्पांनी वर्षभर सदऱ्याच्या डाव्या बाहीवर काळी पट्टी लावली होती. आई दर धुण्याला ती उसवायची आणि वाळल्यावर परत टाचायची. कमांडरसाहेबांच्या दंडावर सुतकाची काळी पट्टी होती! ती ते उसवत होते. खोलीत उजेड कमी, कापड जवळजवळ काळं, पट्टीही काळी, ती पोरीला दिसणार कशी? तिला दिसला तो वस्तरा आणि बाही. बाकीचं शाळेतल्या पोरांनी आधीच तिच्या डोक्यात भरलेलं. मला इतका आनंद झाला, की ग्रेगची, फाईलची, कशाचीही वाट न बघता मी मार्गरेटबाईंना फोन लावला.

"फीत नव्हतीच हो! सुतकाची पट्टी होती. तुमच्या घरात तेव्हा कोणीतरी गेलं असणार. तुमच्या आजोबांचं फार जवळचं माणूस."

बाई म्हणाल्या, "आमच्या घरात तेव्हा कोणी गेलं नव्हतं."

"त्यांचे आईवडील? इंग्लंडात?"

"ते पोरका म्हणूनच जहाजावर चढले होते. भाऊ नाही, बहीण नाही. बायको, मुलगी जिवंत." आणि मग एकदम बारीक आवाजात, "मग ते कोणासाठी रडत होते, फिलोमिना? दुसरीकडे कोणी होती का त्यांची? मूल होतं का?"

घ्या! करायला गेले एक आणि झालं भलतंच. फितीच्या अपमानातून म्हाताऱ्याला सोडवायला निघाले आणि त्याला परस्पर दुसरी बायको चिकटवून मोकळी झाले. तीही मेलेली. बाईंनी फोन ठेवला. घरी ऑल्विन म्हणाला, "तुला विचारलं काय होतं? फीत होती की नाही. नव्हती, एवढं सांगून गप्प बसायचं होतंस. त्यांच्या घरात कोण मेलं ते तू वसईच्या हिशेबाने ठरवणार?" मला खूप राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी लंचरूममध्ये सँडविच पुढ्यात घेऊन नुसती बसले होते. केविन आला. केविन म्हणजे आमच्याकडचा स्वयंसेवक, जन्मभर नेव्हीत काढलेला, आता शाळेच्या पोरांना जहाजाचे नांगर दाखवणारा. "काय झालं, मेट?" मी त्याला सगळं सांगितलं. तो सॉसेज रोल चावत शांतपणे म्हणाला, "कुठल्या सालचं हे?" मी सांगितलं. "अरे, मग राजा मेला होता ना तेव्हा. लंडनचा राजा. ऑर्डर निघायची. सगळ्या ऑफिसरांनी डाव्या दंडावर काळी पट्टी लावायची, सुतक संपलं की काढायची. तुझ्या कमांडरला राजाशी काय देणंघेणं! हुकूम आला, लावली. हुकूम आला, काढली."

मला हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे काळी पट्टी लागते ती आपलं माणूस गेल्यावर. सरकारी हुकमाने बाहीवर दुःख टाचायचं, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. ग्रेगने खातरजमा केली. राजा गेला तो महिना, चौकशीचा महिना, सगळं जुळत होतं. शाळेत पोरं चिडवत होती त्याच दिवसांत सुतक संपलं आणि कमांडरसाहेब घरी बसून पट्टी उसवायला लागले. बायकोला का नाही सांगितलं देव जाणे. सांगितलं असतं तर तिने कात्रीने अलगद उसवून दिली असती, आणि पोरीने पाहूनही तिला काही वाटलं नसतं.

या वेळी मी फोन केला नाही. ग्रेगला घेऊन विल्यम्सटाउनला त्यांच्या घरी गेले. बाईंनी आम्हाला आत घेतलं, पण चहा विचारला नाही. मी सगळं सांगितलं. आधी माफी मागितली, मग राजाची गोष्ट. मला वाटलं त्या खूश होतील. निदान हसतील तरी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे त्यांनी काहीच केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"काहीच नाही."

"राजाची पट्टी काढत होते."

"हो."

"आणि माझी आई त्यासाठी त्यांना आयुष्यभर डॅड म्हणाली नाही." त्यांचा आवाज चढला. "तू हे मला का सांगितलंस? आजोबांना मी ओळखतही नव्हते! माझ्या जन्माच्या आधी मेलेला माणूस. त्यांची फीत गेली काय, राहिली काय. पण आई माझी होती. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला फार मोठा धक्का बसला होता म्हणून ती तशी होती. कडक, न बोलणारी. मी तिला माफ केलं होतं त्यासाठी. आता म्हणतेस धक्का बिक्का काही नव्हता, एका मूर्ख गैरसमजापायी एका भल्या माणसाला तिने मुलगी असून नसल्यासारखी केली. मग आता मी माझ्या आईचं काय करू? सांग ना! तुला सगळं दिसतं ना त्या दिव्यात?"

ग्रेग खिडकीबाहेर बघत होता. बाई रडत होत्या आणि मला त्यांचा हात धरायचंही धाडस झालं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "नाव लावू नका. कोणाचंच लावू नका."

परत येताना फ्रीवेवर मला काहीच सुचत नव्हतं. खरं शोधणं हेच तर आमचं काम. मग खरं सापडल्यावर असं का व्हावं? जर्सीवाले दोघे भाऊ आठवले. त्यांचं हसण्यावारी नेलं होतं, हे कसं नेणार? घरी मुलीला विचारलं, तर ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "मॉम, इट्स नॉट युअर फॉल्ट, पण तू लोकांना लगेच फोन करू नकोस." तेवढं मलाही कळत होतं.

कोट तरीही मांडायचा होताच, निनावी. आणि मांडण्याआधी डाव्या दंडावरचं एक काम राहिलं होतं. भोकांच्या वरच्या ओळीपाशी कापड जरा ओढल्यासारखं दिसत होतं. आधी मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं, भोकांच्याच मागे होते. आता भिंग धरलं. तिथे नखाएवढी लांब चीर होती. वस्तरा निसटला असणार, पुरुषाचा हात तो. आणि त्या चिरेवर रफू होतं. इतकं बारीक, की दोरा कापडात विरघळून गेलेला. माझी आत्यासुद्धा त्यापुढे गप्प झाली असती.

ग्रेग म्हणाला, "हे रफू जुनं वाटत नाही. कापड ओढतंय. काढून टाक, आणि तुझ्या पद्धतीने आधार दे." नियमाने तो बरोबर होता. काढायच्या आधी दोरा कुठला ते नोंदवायला लागतं, म्हणून मी सुटलेलं एक टोक चिमट्याने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. लोकरीचा तंतू खवल्याखवल्यांचा दिसतो. हा तंतू काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. पॉलिस्टर.

मी दोनदा पाहिलं. मग ग्रेगला बोलावून दाखवलं. कमांडरसाहेब गेले तेव्हा पॉलिस्टर जगात नव्हतं. त्यांची बायको गेली तेव्हाही नव्हतं, मार्गरेटबाईंनी तिचं वर्ष सांगितलं होतं. हा दोरा दुकानात यायला लागला तेव्हा कोट एकाच बाईच्या कपाटात होता. जी वडिलांना डॅड म्हणत नव्हती तिच्या.

या वेळीही मी फोन केला नाही. माझी हिंमत होत नव्हती, आणि काय सांगायचं तेही कळत नव्हतं. कोट तसाच कागदात गुंडाळून ठेवला. पण मन स्वस्थ बसू देईना. शेवटी ग्रेगनेच बाईंना विचारलं, एकदा येऊन बघाल का, काही काढायचं आहे, तुमची परवानगी हवी. त्या आल्या. कोट पुतळ्यावर चढवलेला होता. त्यांची खुर्ची मी डाव्या बाहीपाशी नेली आणि हातात भिंग दिलं.

"इथे वस्तरा लागला होता," मी म्हटलं. "आणि इथे कोणीतरी रफू केलंय. पुष्कळ वर्षांनी. दोरा नवा आहे, तुमच्या लहानपणानंतरचा. तेव्हा कोट तुमच्या आईकडे होता."

बाई बघत राहिल्या. मी आधीच सांगून टाकलं, "याचा अर्थ मला विचारू नका. मला माहीत नाही. गेल्या वेळी मी अर्थ लावायला गेले आणि तुमचं काय झालं ते बघितलं. पण एवढं खरं, की ज्याने हे शिवलं, त्याच्या हाताला काळ्या दोऱ्याचे तुकडे लागलेच असणार. इथेच आहेत ते. फीत मनगटावर असते आणि चीर दंडावर आहे, हे त्याला दिसलंच असणार."

"म्हणजे आईला कळलं होतं?"

"मला माहीत नाही."

"कळलं असेल तर मला का नाही सांगितलं? मला तेच जुनं समजत राहू दिलं!" त्या माझ्यावर ओरडल्या. जणू डोरोथीबाई मीच होते. मग भिंग डोळ्याशी नेलं, खाली ठेवलं, परत नेलं. "माझी आई नाही हे शिवणार," त्या म्हणाल्या. "तिला शिवता येत नव्हतं. माझ्या शाळेच्या ब्लाउजची बटणं मी स्वतः लावली आहेत. मला सुई दोरा येत नाही, म्हणायची. ड्रेस फाटला की शेजारच्या बाईंकडे पाठवायची. आमच्या घरात सुई नव्हती, फिलोमिना!"

ग्रेग माझ्याकडे बघत होता, मी पुतळ्याकडे. बाई त्या नखाएवढ्या जागेवर वाकल्या होत्या. नियमाप्रमाणे हात लावायचा नसतो. त्यांनी उघड्या बोटाने रफूवरून हात फिरवला आणि मी अडवलं नाही.

"खोटारडी," बाई म्हणाल्या. "लायर. हा कोट ती शेजारणीकडे थोडीच देणार, तिने स्वतःच शिवलंय हे. केवढी खोटारडी माझी आई." आणि हसायला लागल्या, गाल ओले होईपर्यंत. मग ग्रेगकडे वळून, एकदम पहिल्या दिवसासारख्या कडक आवाजात, "हे काढायचं नाही."

"कापड ओढतंय, मार्गरेट," ग्रेग म्हणाला. "आणि ते मूळ कोटाचा भाग नाही."

"ओढू दे."

ग्रेगने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी आजूबाजूला आधार देते, रफू राहील. तो हो म्हणाला.

"आणि नाव लावा," बाई म्हणाल्या.

कोट अजून तिथे आहे. शाळेची पोरं जाता-येता केविनचं ऐकत त्याच्यासमोरून जातात, फारसं कोणी थांबत नाही. खालच्या पाटीवर कमांडरसाहेबांचं पूर्ण नाव आहे, हुद्दा आहे, जहाजाचं नाव आहे. त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. म्युझियमच्या रिवाजात ती बसत नव्हती, ग्रेगला वरती दोन मीटिंगा कराव्या लागल्या, पण मार्गरेटबाई अडून बसल्या. ती ओळ अशी: 'डाव्या बाहीचं रफू, त्यांची मुलगी डोरोथी.'